कोण, कुठून, कोणाकडे, कधीपर्यंत

डाव्या हाताची तर्जनी वर, उजव्या हातात टोपण काढलेलं पेन, आणि चष्म्याच्या वरून आपल्यावर रोखलेली नजर. "थांबा. कोण, कुठून, कोणाकडे, कधीपर्यंत?"

आपण काय सांगायला आलो आहोत याच्याशी या प्रश्नांचा काही संबंध नसे. खाली चहा आलाय एवढंच सांगायला मी एकदा संगणक कक्षात डोकावलो, तरी तर्जनी वर गेलीच. मग स्वतःच्याच लक्षात येऊन ताई हसल्या आणि पेनाला टोपण लावून उठल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एका कामात वीस वर्षं काढली की त्या कामाची सवय हातात उतरते आणि काम सुटलं तरी हात ती सोडत नाही.

ताईंचं मूळ काम टेलिफोनचं. लखनौच्या आमच्या फळबाग संशोधन संस्थेत त्या ऐन विशीत टेलिफोनच्या बोर्डावर लागल्या. बाहेरून फोन आला की कोण बोलतंय, कुठून बोलतंय, कोणाकडे जोडायचं, हे विचारल्याशिवाय कॉल पुढे जायचा नाही. ट्रंक कॉल असला तर किती वेळ, हेही विचारायचं. पुढे आपोआप जोडणारं एक्सचेंज आलं, मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, आणि बोर्डावर धूळ बसायला लागली. मी नोकरीला लागलो तेव्हा तो बोर्ड जिन्याखाली पडलेला होता आणि ताई वरच्या मजल्यावर संगणकांच्या तारा ओढत होत्या. कुठला तरी सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी निशातगंजच्या एका गल्लीत, आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलांमध्ये बसून केला होता. सगळे त्यांना 'एक्सचेंजवाली दीदी' म्हणत. मी ताई म्हणायचो, कारण संस्थेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

त्यांचे वडील भुसावळचे, रेल्वेत मेकॅनिक. बदली होऊन आलमबागला आले आणि तिथलेच झाले. ताईंचा जन्म लखनौचा. त्यामुळे त्यांची मराठी ऐकायला मोठी मजा यायची. "डॉक्टर, मी केव्हाची वाट देखते आहे, बसून घ्या," असं त्या म्हणायच्या आणि मला ते इतकं आवडायचं की मी कधी दुरुस्त केलं नाही. मी अकोल्याचा, माझीही मराठी काही पुस्तकातली नव्हे. डब्यात पोहे असले की त्या झाकण उघडून माझ्यापुढे सरकवायच्या. त्यात मटार, आलं आणि वरून लखनवी शेव. हे पोहे नव्हेत असं मी दर वेळी म्हणायचो आणि दर वेळी डबा संपवायचो.

फायरवॉल आली आणि ताईंचं जुनं काम नव्या रूपात त्यांच्याकडे परत आलं. त्याआधी आमच्या संगणकांत कोणीही यावं, कोणीही जावं, असा कारभार होता. आता प्रत्येक मशीनवर एक पहारेकरी बसला. एखाद्या प्रोग्रामला नेटवर्कवर दुसऱ्या मशीनशी बोलायचं असेल तर पहारेकरी त्याला अडवणार, आणि जाऊ द्यायचं असेल तर त्याच्या यादीत त्या प्रोग्रामची सूट लिहून ठेवावी लागणार. ही सूट द्यायचा अधिकार ताईंकडे आला. पहिल्याच दिवशी त्यांनी स्टोअरमधून एक लांबट रजिस्टर आणलं, पट्टीनं रकाने आखले आणि वर हिंदीत मथळे लिहिले. किसने माँगा. मग त्यांचे ते चार प्रश्न: कोणता प्रोग्राम, कुठून चालणार, कोणाशी बोलणार, कधीपर्यंत. शेवटी सूट बंद केल्याच्या सहीचा रकाना.

त्या शेवटच्या दोन रकान्यांवरून लोक वैतागायचे. कायमची सूट ताई देतच नसत. डायरेक्टरसाहेबांनासुद्धा त्यांनी दोन महिन्यांची दिली आणि त्यांच्याकडून सही घेतली. दर शनिवारी सकाळी रजिस्टर काखेत मारून त्या खोलीखोलीत फिरायच्या आणि मुदत संपलेल्या सुटी काढून टाकायच्या. "दीदी, सोमवारी परत लागणार आहे," कोणी कुरकुर केली तर त्या शांतपणे म्हणायच्या, मग सोमवारी परत मागा. लिहिताना चूक झाली तर त्यावर व्हाइटनर लावायला त्यांनी कधी परवानगी दिली नाही. लाल पेनानं एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. टेलिफोनच्या वहीत असंच करायचे म्हणे.

माझी आणि त्यांची खरी ओळख या सुटीवरूनच झाली. लखनौजवळच्या मलिहाबादच्या आंब्याच्या बागांवर माझं काम चालायचं. माघ-फाल्गुनात झाडं मोहोरली की आभाळ, ओल आणि ऊन यांचा ठरावीक मेळ जमला तर मोहोरावर पांढऱ्या बुरशीची भुरी पडते. तिकडचे बागवान तिला खर्रा म्हणतात. दोन दिवस आधी कळलं तर फवारणी करून मोहोर वाचवता येतो. त्यासाठी मी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. बागेतली नोंद त्यात घातली की तो धोका आहे की नाही ते सांगायचा, आणि विभागातल्या अकरा मशीन एकमेकांशी बोलून तीच नोंद वाटून घ्यायच्या. प्रोग्राम प्रत्येक मशीनवर वेगळा टाकला की कोणाकडे जुना, कोणाकडे नवा असा गोंधळ व्हायचा, म्हणून तो सर्व्हरवरच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवला होता. सगळे तिथूनच चालवत. सर्व्हरांना ताईंनी आंब्यांची नावं दिली होती. आमचा होता दशहरी. लेखा विभागाचा लंगडा, आणि तो वरचेवर बंद पडायचा, त्यावरून काय काय विनोद होत असतील ते तुम्ही ओळखू शकता.

तर मी डॉक्टर, माझ्याच प्रोग्रामची सूट मला देता येऊ नये? ताई रजेवर असताना मी माझ्या मशीनवर स्वतःच पहारेकऱ्याच्या यादीत नाव घातलं. माझ्या मशीनवर तो ड्राइव्ह झेड नावानं दिसायचा, म्हणून झेड, मग फोल्डर, मग प्रोग्राम, असा पत्ता लिहिला. प्रोग्राम अडला तो अडलाच. मी तीन वेळा काढून घातला. दुसऱ्या मशीनवर जाऊन तोच पत्ता लिहिला, तर तिथे झेड नावाखाली भलताच ड्राइव्ह निघाला. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, त्यांनी यादी पाहिली आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"झेड हे तुमच्या घरातलं लाडाचं नाव आहे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "गेटवरच्या पहारेकऱ्याला बंटी-बबलू काय समजणार? त्याला पूरा पत्ता पाहिजे."

मग त्यांनी दोन तिरप्या रेघा मारून सर्व्हरचं पूर्ण नाव, मग फोल्डरचं, मग प्रोग्रामचं, असं सावकाश टाइप केलं. प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. पुढची गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली. हा पहारेकरी फक्त पत्ता पाहतो, तोंड पाहत नाही. त्या पत्त्यावर उद्या कोणी दुसरंच जाऊन बसलं तर त्यालाही तो सलाम ठोकून जाऊ देईल. म्हणून त्या फोल्डरमध्ये कोणालाही काही लिहिता येणार नाही, फक्त वाचता येईल, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. मी हो हो म्हणालो. तेव्हा ते मला फारसं कळलं नव्हतं.

आता ताईंच्या नोकरीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावर येऊन ठेपतं. त्या कायम नव्हत्या. इतकी वर्षं झाली, तरी करारावर होत्या, आणि करार दर वर्षी मार्चअखेरीस संपायचा. मग दोन दिवसांचा ब्रेक. त्या दोन दिवसांत त्या संस्थेच्या कोणीच नसायच्या. तिसऱ्या दिवशी पत्र निघायचं आणि त्या पुन्हा रुजू व्हायच्या. करारावरच्या सगळ्यांची हीच रीत होती आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

ब्रेकच्या दिवशी ताई घरी बसत नसत. गेटच्या आत यायची त्यांना परवानगी नसायची, म्हणून त्या समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसायच्या. एका वर्षी ब्रेकच्या दिवशीच दोन सुटींची मुदत संपत होती. त्यांनी बाकावरून मला मोबाइल लावला आणि कोणत्या खोलीतल्या कोणत्या मशीनवरची कुठली सूट काढायची ते रजिस्टर न पाहता सांगितलं. मी खिडकीतून पाहत होतो. एका हातात चहाचा मातीचा कुल्हड, दुसऱ्या हातात फोन, आणि मधे ती तर्जनी वर. गेटवरचा खराखुरा पहारेकरी त्यांच्याकडे पाहून हसत होता. त्याच्या पोरीच्या शाळेचा फॉर्म ताईंनीच भरून दिला होता, तरी त्या दिवशी त्यांना आत सोडणं त्याच्या हातात नव्हतं.

त्यांना कायम करण्याची फाइल हलली होती. त्या काळात दिल्लीहून तसा काही आदेश आला होता आणि पाच-सहा नावांत ताईंचं नाव होतं. त्या याबद्दल कमी बोलायच्या, पण एकदा डबा पुसताना म्हणाल्या की आई आता अंथरुणावरच आहे, कायम झाले तर दवाखान्याचं कार्ड मिळेल, मग ॲम्ब्युलन्ससाठी कोणापुढे हात जोडायला नकोत. एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण मला माहीत होतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढे मी जे केलं ते माहीत असून केलं.

त्या वर्षी मोहोर उशिरा आला आणि ढग लवकर. बागवानांचे फोन सकाळपासून सुरू व्हायचे. त्यातच पाहणी करायला समिती येणार होती, बुधवारी, आणि तिच्यापुढे माझा प्रोग्राम चालता दाखवायचा होता. तो चांगला चालला असता तर माझी बढती जवळपास ठरल्यासारखी होती. आणि आयत्या वेळी माझ्या ध्यानात आलं की मी प्रोग्राम लिहिताना एक आळस केला आहे. नोंदींची फाइल तो आपल्याच फोल्डरमध्ये, स्वतःच्या शेजारी लिहू पाहायचा. त्या फोल्डरमध्ये तर लिहायला बंदी. आजवर नोंदी एकट्या माझ्या मशीनवर जुगाड करून लिहिल्या जात आणि बाकीच्या मशीन त्या फक्त वाचत, पण अकरा मशीनवरून एकदम लिहायला ते जमेना.

मी शुक्रवारी ताईंकडे गेलो आणि त्या फोल्डरमध्ये लिहायची मोकळीक मागितली. त्यांनी नाही म्हटलं. प्रोग्राम एका खोलीत ठेवा, नोंदी दुसऱ्या खोलीत ठेवा, दुसऱ्या खोलीत हवं तेवढं लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की तेवढा बदल करायला पंधरा दिवस लागतील. खरं तर किती लागतील ते मी मोजलंच नव्हतं. मला फक्त बुधवार दिसत होता. मी त्यांना बागवानांचे फोन ऐकवले, एका म्हाताऱ्या मलिहाबादी बागवानाचं नाव घेऊन सांगितलं की त्याचा वर्षभराचा संसार त्या मोहोरावर आहे. ते खोटं नव्हतं. पण मी ते ज्या कारणासाठी वापरलं ते कारण दुसरं होतं. शेवटी मी म्हणालो, ताई, बुधवारपर्यंत, माझ्यासाठी.

त्या बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसल्या. मग म्हणाल्या, "ठीक. पण बाहेरचं काही तिथे जोडायचं नाही. पुढच्या शनिवारी मी बंद करणार." आणि रजिस्टर उघडलं. त्या काय लिहिताहेत ते मी पाहिलं नाही, कारण तोवर मी दारात पोचलो होतो.

शनिवारी मी मलिहाबादला गेलो. बागेतल्या खोलीत एक जुना संगणक होता, त्यावर कोणीही येऊन गाणी लावायचं, फोटो पाहायचं. त्यातून मी आठवड्याच्या नोंदी पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि दुपारी संस्थेत येऊन तो माझ्या मशीनला लावला. बाहेरचं काही जोडू नका हे ताईंचं वाक्य मला आठवत होतं. पेन ड्राइव्ह माझाच आहे, बाहेरचा कुठे, अशी मी मनाची समजूत घातली. त्याच्यासोबत एक व्हायरस आला. आधी त्याला बसायला जागा नसायची. आता मी जागा करून दिली होती. तो जाऊन माझ्या प्रोग्राममध्येच बसला.

सोमवारी सकाळी अकरा मशीनवर अकरा जणांनी तो प्रोग्राम उघडला. पत्ता बरोबर होता. पहारेकऱ्यांनी जाऊ दिलं. दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीचं नेटवर्क गुदमरलं, आणि शेजारच्या विभागातल्या बाईंचे हंगामभर काढलेले पानांचे फोटो गेले. त्या बाई जिन्यात बसून रडत होत्या. ताई प्रत्येक खोलीत जाऊन हातानं तारा उपटत होत्या. माझ्या खोलीत आल्या, तेव्हा त्यांनी माझ्या मशीनला लावलेला पेन ड्राइव्ह पाहिला, काढला, माझ्या हातात दिला आणि पुढच्या खोलीत गेल्या.

मंगळवारी डायरेक्टरसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. आम्ही आठ-नऊ जण होतो. मी एका कोपऱ्यात बसलो होतो आणि मनात वाक्य तयार करत होतो. रजिस्टरमध्ये माझं नाव असणार, साहेब ते वाचणार, मग मी उभा राहून काय झालं ते सांगणार, असा माझा हिशेब होता. कोणी तरी नाव घेतल्यावर उभं राहणं सोपं असतं, म्हणून मी वाट पाहत होतो.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. बोट फिरवत फिरवत त्या ओळीवर आले. थांबले. "किसने माँगा... स्वयं," त्यांनी वाचलं आणि वर पाहिलं. "आपने खुद ही माँगा और खुद ही दे दिया?"

"जी," ताई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं होतं. हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो, पण त्याला काही अर्थ नाही, कारण शब्द बाहेर आला नाही. मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी समिती येणार होती. साहेबांनी रजिस्टर मिटलं आणि पुढचं बोलणं सुरू झालं. मी खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहत राहिलो.

संध्याकाळी मी संगणक कक्षात गेलो. ताई उपटलेल्या तारा कोपर आणि अंगठ्यात गुंडाळत होत्या. मी विचारलं, तुम्ही असं का लिहिलंत?

"मी बोर्डावर होते ना," त्या म्हणाल्या. "कॉल चुकीच्या ठिकाणी जोडला तर बोलणाऱ्याची चूक नसते. तो तर मागणारच. जोडला कोणी? ऑपरेटरनं." जी सूट आपल्याला पटली नाही आणि तरी दिली, ती आपली, असा त्यांचा न्याय होता. शुक्रवारीच त्यांनी तसं लिहून टाकलं होतं, काही बिघडायच्या आधी.

मी म्हणालो की मी साहेबांना सगळं सांगतो. ताईंनी तारेचं वेटोळं बांधलं, खिळ्याला अडकवलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कधीपर्यंत?"

तर्जनी वर नव्हती. टोमणाही नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण महिनाअखेर जवळ आली होती आणि त्यांची फाइल साहेबांच्याच टेबलावर होती. मी म्हणालो, समिती जाऊ दे, शुक्रवारपर्यंत. त्यांनी मान हलवली.

बुधवारी समिती आली. सर्व्हर बंद असल्यामुळे प्रोग्राम दाखवता आला नाही, मी चित्रं दाखवली, आणि गंमत म्हणा की दैव, लोकांना चित्रंच फार आवडली. गुरुवारी अभिनंदन झालं. शुक्रवारी मी दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा आत कोणी होतं. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं, आणि मी परत आलो.

शनिवारी सकाळी रजिस्टर काखेत मारून ताई माझ्या खोलीत आल्या. मी खुर्चीतून उठून बाजूला झालो. त्यांनी बसून यादी उघडली, दशहरीचा तो पूर्ण पत्ता निवडला, काढून टाकला. फोल्डरची लिहिण्याची मोकळीक त्यांनी आधीच बंद केली होती. शेवटच्या रकान्यात सही केली. मी पडद्याकडे पाहत होतो. त्या उठल्या आणि जाताना म्हणाल्या, "पोहे आहेत, या." मी गेलो नाही.

महिनाअखेरीस ब्रेक लागला. पहिल्या दिवशी त्या टपरीच्या बाकावर होत्या, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पत्र निघालं नाही. करारावरच्या बाकी सगळ्यांची निघाली. त्या आठवडाभर रोज सकाळी येऊन बसल्या, डबा घेऊन, आणि दुपारी निघून जायच्या. मी त्या आठवड्यात मागच्या फाटकातून जात होतो. नंतर बाक रिकामा दिसायला लागला, तेव्हा मी पुन्हा पुढच्या फाटकानं जायला लागलो.

प्रोग्राम एका खोलीत आणि नोंदी दुसऱ्या खोलीत, हा बदल मी त्यानंतर केला. त्याला चार दिवस लागले. मी ज्यासाठी पंधरा म्हणालो होतो ते चार दिवसांचं काम होतं. त्या वर्षी खर्रा पडला, पण बागवानांना वेळेवर कळलं आणि बराचसा मोहोर वाचला. जून महिन्यात माझ्या घरी दशहरीच्या दोन पेट्या आल्या. बायकोनं आमरस केला. मला तो गेला नाही, पोट बिघडलंय असं सांगितलं.

मला बढती मिळाली. पुढे आणखी एक मिळाली. या मधल्या वर्षांत स्वस्थता मात्र फारशी मिळाली नाही. बैठकीत कोणी रजिस्टर उघडलं की मी खिडकीबाहेर पाहायला लागतो. नव्या मशीनवर एखादा प्रोग्राम अडतो, पडद्यावर चौकट येते, याला जाऊ द्यायचं का म्हणून विचारते, आणि माझी पोरंसुद्धा जिथे न वाचता बटण दाबून मोकळी होतात तिथे माझा हात माउसवर थांबून राहतो. ताईंचा नंबर मी बऱ्याच वर्षांनी लावला. तो बंद होता.

मेट्रोचं काम चालू होतं त्या वर्षी मी एका रविवारी आलमबागला गेलो. रस्ता मधोमध खणलेला, दोन्ही बाजूंना निळे पत्रे, त्यांच्यामागे धूळ. त्यांचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांचे पोहे खाल्ले, पण त्या राहतात कुठे, तर आलमबागला, एवढंच मला ठाऊक होतं. रेल्वेच्या जुन्या माणसांना विचारत विचारत तिसऱ्या फेरीला एका गल्लीतला एक जिना सापडला. वर एका वृद्ध गृहस्थांनी जाळीच्या दाराआडून विचारलं, कौन साहब, कहाँ से?

मी नाव सांगितलं, संस्थेचं नाव सांगितलं. ताई इथे राहत होत्या का, म्हणून विचारलं. त्यांनी दार उघडलं, बसवलं, पाणी दिलं. त्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. आई गेली, त्यानंतर वर्षभरात त्यांनी घर सोडलं. आई कशी गेली ते मी विचारलं. ॲम्ब्युलन्स यायला उशीर झाला, ते म्हणाले, आणि मग लखनवी रीतीप्रमाणे लगेच विषय बदलून चहाचं विचारलं. ताई भुसावळकडे कोणा चुलतभावाकडे गेल्या असाव्यात. पत्ता त्यांच्याकडे नव्हता. "कोई काम था उनसे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "उनके रजिस्टर में एक एंट्री गलत है। उसमें नाम मेरा होना चाहिए।"

त्यांना अर्थातच काही कळलं नाही. कोई बात नहीं, हो जाता है, असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. अशी पहिल्यांदा मी ती गोष्ट मोठ्यानं बोललो, आणि ती ऐकली अशा माणसानं की ज्याच्या हातात काहीच नव्हतं.

संगणक कक्ष पुढे मोडला. नवी यंत्रणा आली, सगळं दूरवरून कोणी तरी पाहतं, सूट मागायला एक फॉर्म असतो, तो कुठे जातो कोणास ठाऊक. जुनी रद्दी खाली काढली तेव्हा मी त्या ढिगात बसून रजिस्टर शोधलं. सापडलं. शेवटच्या मार्चमधल्या प्रत्येक सुटीसमोर बंद केल्याची सही होती. ब्रेकच्या आदल्या दिवशी त्यांनी एकूण एक बंद करून ठेवल्या होत्या, मुदत संपायच्या आधीच. पुढे कोण येईल आणि कोण लक्ष ठेवील याची त्यांना खात्री नसावी.

मी रजिस्टर घरी आणलं. एक दिवस लाल पेन घेतलं, त्या शुक्रवारची ओळ काढली, 'किसने माँगा'च्या रकान्यात त्यांच्या पद्धतीप्रमाणे एकच आडवी रेघ मारली, वर माझं पूर्ण नाव लिहिलं, बाजूला सही केली. याचा कोणालाही काही उपयोग नाही हे मला माहीत आहे. रेघ मी ठरवून बारीक मारली. तिच्याखालून ताईंच्या गोल अक्षरातलं 'स्वयं' अजून स्वच्छ वाचता येतं.